कुत्रा घरात एकटा राहत नाही? ठाण्याच्या फ्लॅटमधल्या नव्या श्वानपालकांसाठी

तुम्ही निघालात की दहा-पंधरा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो: ‘बी विंगमध्ये कुत्रा का रडतोय?’ संध्याकाळी आल्यावर दाराच्या चौकटीचा भुसा फरशीवर सांडलेला असतो. एरवी शहाण्यासारखं खाली जाऊन शू करणारं जनावर फक्त तुमच्या गैरहजेरीत हॉलभर करून ठेवतं. हे ओळखीचं वाटत असेल तर तुमच्या कुत्र्याला सेपरेशन अँग्झायटी असू शकते. घरात एकटं पडल्यावर त्याचा जीव अक्षरशः घाबराघुबरा होतो. ‘लाडावलंय’, ‘माज आलाय’, ‘सूड उगवतंय’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना चहा पाजा आणि सोडून द्या.

यावरचं ट्रेनिंग समजायला सोपं आहे आणि करायला कंटाळवाणं. खरी अडचण येते ती ट्रेनिंग चालू असेपर्यंत कुत्र्याला एकटं न ठेवण्याची, आणि ठाण्यात ती जास्तच येते. घोडबंदर रोडवरून स्टेशन गाठायचं, मग लोकल, मग पुढे रिक्षा नाहीतर बस. आठ तासांच्या नोकरीसाठी माणूस अकरा तास घराबाहेर असतो. त्यामुळे दाराबाहेर किती सेकंद उभं राहायचं याच्याही आधी शेजारच्या काकूंना काय विचारायचं, ते इथे येईल.

पहिलं काम: कॅमेरा

अंदाजाने काही ठरवू नका. जुना मोबाइल चार्जिंगला लावून मुख्य दार दिसेल असा कपाटावर ठेवा, त्यावरून स्वतःच्याच फोनला व्हिडिओ कॉल लावा, नेहमीसारखे बाहेर पडा आणि खाली पार्किंगमध्ये बसून बघा. कुत्रा फारच घाबरला तर लगेच वर या. पुरावा मिळवण्यासाठी त्याला अर्धा तास रडवायची गरज नाही, पाच-दहा मिनिटांचं चित्रण पुरतं.

घाबरलेला कुत्रा पहिल्या काही मिनिटांतच कळतो. तो दाराखालच्या फटीला नाक लावून जोरजोरात हुंगतो. लिफ्टचा आवाज आला की कान ताठ होतात, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर गेली की पुन्हा पडतात. मग दार ते खिडकी, खिडकी ते दार अशा येरझाऱ्या सुरू होतात. पंखा फुल स्पीडवर असूनही जीभ बाहेर आणि धाप लागलेली. लाळ गळते, फरशीवर ओल्या पंजांचे ठसे उमटतात. आधी बारीक कुईकुई, मग मान वर करून लांबलचक रडणं. तुम्ही ठेवलेलं चिकन तसंच पडून असतं, आणि तुम्ही आत पाऊल टाकताच तो ते दोन घासांत संपवतो. ही शेवटची खूण मला फार भरवशाची वाटते.

कंटाळलेला कुत्रा वेगळा दिसतो. तुम्ही गेल्यावर तो आरामात झोपतो, तासाभराने उठून सोफ्याची उशी फाडतो आणि पुन्हा झोपतो. काही कुत्रे फक्त कुरिअरवाला आला किंवा पॅसेजमध्ये कोणी बोललं की भुंकतात, तो राखणीचा भाग आहे. काहींना फटाक्यांची किंवा ढगांच्या गडगडाटाची भीती असते, मग कोणी घरात असो वा नसो. या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, त्यामुळे व्हिडिओ पाहिल्याशिवाय पुढचं काही करू नका.

घरात शू होत असेल तर आधी व्हेटकडे जा. लघवीचा संसर्ग किंवा मधुमेह असेल तर जगातलं कुठलंच ट्रेनिंग उपयोगी पडणार नाही. वय झालेल्या कुत्र्यात हा त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर दुखणं, नजर किंवा ऐकणं कमी होणं, म्हातारपणाचा विसरभोळेपणा हे सगळं तपासून घ्यावं लागतं. मोबाइलमधलं चित्रण सोबत न्या. दवाखान्यात टेबलावर गप्प उभा असलेला कुत्रा पाहून कुठल्याही डॉक्टरला यातलं काही कळणार नाही.

ओरडू नका

घरी आल्यावर पसारा पाहून राग येतोच. पण तुम्ही आता ओरडलात त्याचा संबंध कुत्रा तीन तासांपूर्वीच्या चौकटीशी जोडू शकत नाही. ‘त्याला बरोब्बर कळतं, बघा कसा मान खाली घालून बसलाय’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमकं हेच तपासलं होतं. कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्याने खरोखर काही केलंय की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावतोय की नाही यावर ठरत होता. म्हणजे तो चेहरा तुमच्या आवाजाला आलेलं उत्तर असतो. रोज संध्याकाळी ओरडा खाणाऱ्या कुत्र्याला तुमच्या जाण्यासोबत तुमच्या येण्याचीही भीती बसते. फिनेल आणि जुनी वर्तमानपत्रं हाताशी ठेवा, पुसा, चहा घ्या.

आता माणसं जमवा

ट्रेनिंगचा पाया हा, की त्या काळात कुत्र्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचंच नाही. तुम्ही रविवारी तीस सेकंदांचा सराव केलात आणि सोमवारी दहा तास निघून गेलात, तर रविवारचं पाण्यात. पाण्याला घाबरणाऱ्या पोराला विहिरीत ढकलून पोहायला शिकवायची जुनी रीत होती. ‘दोन आठवडे रडू दे, आपोआप गप्प होईल’ हा सल्ला त्याच जातीचा. काही कुत्रे थकून गप्प होतात खरे, पण कॅमेऱ्यात बघाल तर धाप आणि लाळ तशीच असते.

हे ऐकून नोकरदार माणूस हात टेकतो, साहजिक आहे. पण एक गोष्ट दिलासा देणारी आहे. बऱ्याच कुत्र्यांना ‘तुम्हीच’ हवे असता असं नाही, त्यांना कुणीतरी माणूस हवं असतं. हे तपासून बघा: ओळखीच्या व्यक्तीला घरी बसवा, तुम्ही बाहेर जा, कॅमेऱ्यात पाहा. कुत्रा थोडा वेळ दाराशी बसून मग त्यांच्या पायाशी येऊन पडला, तर तुमचं काम निम्मं सोपं झालं. ठरावीक एकाच माणसाशिवाय चैन न पडणारे कुत्रेही असतात. त्यांच्यासाठी ती दुसरी व्यक्ती आधी महिनाभर घरात जेवू-खाऊ घालणारी, फिरायला नेणारी झाली पाहिजे.

मग कागद घ्या, आठवड्याचे सात दिवस आखा आणि सकाळी आठ ते रात्री आठ यातले कुठले तास रिकामे आहेत ते लिहा. घरात दोघं कमावते असाल आणि दोघांनाही आठवड्यातून दोन दिवस घरून काम असेल, तर ते दिवस एकच घेऊ नका, वेगवेगळे मागा. आठवड्यातले चार दिवस तिथेच भरतात. एकाने सकाळी लवकर निघून लवकर यायचं आणि दुसऱ्याने उशिरा निघायचं, असं जमलं तर रिकामे तास आणखी कमी होतात.

उरलेल्या तासांसाठी आजूबाजूला बघा. आपल्याकडच्या सोसायट्यांत दुपारी घरी असणारी माणसं भरपूर असतात, आपण ऑफिसच्या वेळेमुळे त्यांना कधी भेटलेलो नसतो इतकंच. निवृत्त काका, ज्यांना कुत्रा हवा असतो पण घरचे पाळू देत नाहीत. अभ्यासाला शांत जागा शोधणारी कॉलेजची मुलगी. आमच्या ढब्बूचं, म्हणजे माजिवड्याच्या पुलाखालून घरी आलेल्या आमच्या इंडीचं (देशी कुत्र्याचं), दुपारचं सगळं गणित वरच्या मजल्यावरच्या काकूंवर चालतं. त्या त्यांची निवडायची भाजी घेऊन आमच्याकडे येतात, मेथी निवडतात, सिरियल बघतात आणि ढब्बू पंख्याखाली घोरतो. विचारताना आडवळण नको. ‘काकू, महिना-दोन महिने दुपारचे दोन तास आमच्या घरी बसाल का? त्याला फिरवायचं नाही, भरवायचं नाही, फक्त घरात माणूस हवंय,’ असं सरळ विचारलं की लोकांना नेमकं काम कळतं. पैशांचं आधीच बोला. ओळखीत पैसे कसे द्यायचे म्हणून संकोच करून दोन आठवड्यांनी संबंध बिघडवण्यापेक्षा ते बरं. काकू पैसे घेत नसतील तर गणपतीत साडी, आणि त्यांचं बँकेचं, वाणसामानाचं काम आपल्या अंगावर घ्यायचं.

स्वयंपाकाच्या आणि कामाच्या मावशींची वेळ पुढे-मागे करता येते. सकाळी सातला येणाऱ्या मावशी अकराला आल्या तर त्यांचा तास-दीड तास फुकट सोबत ठरतो. अर्थात त्यांना कुत्र्याची भीती नसेल तरच. भीती असताना गळ घालू नये.

डॉग वॉकर वीस मिनिटं येऊन जातो. त्याने पाय मोकळे होतात, एकटेपणाचे तास भरत नाहीत. डे-केअर हा चांगला मार्ग आहे, घोडबंदर रोडच्या पट्ट्यात बरीच निघाली आहेत, पण जागा स्वतः जाऊन बघा. कुत्र्यांजवळ दिवसभर माणूस असतो की फक्त सकाळ-संध्याकाळ? दुपारी पिंजऱ्यात कोंडतात का? लसीकरणाचं कार्ड मागतात का? न मागणाऱ्या ठिकाणी पाठवू नका. पहिल्या दिवशी दोन तासच ठेवा आणि व्हिडिओ मागा. माणसांत रमणारा पण कुत्र्यांच्या गर्दीत बावरणारा कुत्रा असेल, तर डे-केअरपेक्षा काकू केव्हाही सरस.

गाडीत बसवून सगळीकडे न्यायची आयडिया बऱ्याच जणांना सुचते. सोबत माणूस असेल तर ठीक. पण उभ्या गाडीत काच चार बोटं खाली करून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून कुत्रा ठेवायचा नाही. आपल्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते आणि कुत्रे त्यात दगावतात.

सोसायटीशी बोलणं

तक्रार येण्याची वाट बघू नका. वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी जाऊन बोला, आणि ग्रुपवर असं काहीतरी टाका:

‘नमस्कार, मी बी विंग ७०३ मधून. आमच्या कुत्र्याला एकटं राहायची भीती आहे आणि त्यावर डॉक्टरांचे उपचार व ट्रेनिंग सुरू आहे. तो रडताना ऐकू आला तर कृपया मला वेळ कळवा, त्यावरूनच आम्हाला पुढचं ठरवता येतं. तुम्हाला होणाऱ्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत.’

यात ‘वेळ कळवा’ हे सगळ्यात कामाचं. वैतागलेल्या माणसाला तक्रारीऐवजी करायला काही मिळतं आणि तुम्हाला फुकटात नोंद मिळते. ‘११.२०, पाच मिनिटं’ असा मेसेज आला की कचऱ्याची गाडी की कुरिअर, हे शोधता येतं.

कायद्याचं थोडक्यात. ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला सरसकट पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि भुंकतो एवढ्यावरून कुत्रा काढायला लावता येत नाही. त्याच सूचना मालकालाही सांगतात की सततच्या भुंकण्याचा शेजाऱ्यांना त्रास होतो, विशेषतः रात्री, तेव्हा कुत्र्याला शांत ठेवा. सेक्रेटरींसमोर पहिला भाग वाचणारे दुसरा गाळतात. ठाणे महानगरपालिकेचा श्वान परवाना काढलेला असावा आणि रेबीजची लस चालू असावी. वाद झालाच तर कमिटी पहिल्यांदा हेच कागद मागते.

दाराचं ट्रेनिंग

इथे घाई करू नका, सगळं यावरच उभं आहे. हेतू एवढाच, की दार उघडणं आणि तुमचं जाणं ही कुत्र्याच्या लेखी अगदी कंटाळवाणी, बिनमहत्त्वाची घटना व्हावी. आणि तसं व्हायचं तर सरावात तो एकदाही घाबरता कामा नये.

प्रथम त्याचा आकडा शोधा. कॅमेरा चालू ठेवून बाहेर पडा आणि अस्वस्थतेची पहिली बारीक खूण कधी दिसते ते बघा. रडणं ही फार उशिराची खूण झाली. त्याआधी ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, एक पंजा उचलून धरणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, दारावर नजर खिळणं या गोष्टी येतात. वीस सेकंदांना पहिली जांभई आली तर तुमची सुरुवात वीसच्या बरीच अलीकडे, समजा पाच-सहा सेकंदांवर. काही कुत्र्यांचा आकडा शून्य असतो: तुम्ही किल्ली उचललीत की संपलं. त्यांच्यासाठी किल्लीपासूनच सुरू करायचं.

आपल्या घरांत जाण्याच्या खुणा पुष्कळ असतात आणि कुत्र्याला त्या सगळ्या पाठ असतात. इस्त्रीचा वास, डिओचा फवारा, डब्याच्या पिशवीची चेन, गळ्यात घातलेलं ऑफिसचं कार्ड, चपलांच्या कपाटाचं दार, हेल्मेट, सेफ्टी डोअरची कडी, लॅचचा खटका. यातली कुठली गोष्ट घडली की कुत्रा उठून उभा राहतो, ते लिहून काढा. मग ती खूण जाण्यापासून तोडा. हेल्मेट घाला आणि भांडी लावा. डबा बॅगेत भरा, सोफ्यावर बसून पेपर वाचा. लॅच फिरवा आणि परत येऊन टीव्ही लावा. घरचे हसतील. दिवसातून अधूनमधून, काही आठवडे, कुत्रा डोकं वर करायचं सोडेपर्यंत.

मग बाहेर पडण्याचा सराव. दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस पुरेत. कुत्रा फिरून आलेला, शू-शी झालेली, जरा सुस्तावलेला असावा. एक बैठक साधारण अशी: दारापर्यंत जा, परत या. लॅच फिरवा, सोडा. दार वीतभर उघडा, बंद करा. बाहेर पाऊल, दार लोटलं, तीन सेकंद, आत. मिनिटभर घरात काहीतरी करा. पुन्हा बाहेर, सहा सेकंद, आत. मग चार. मग दहा. मग तीन. आकडे सतत चढते ठेवले की कुत्र्याला दर वेळी आधीपेक्षा अवघड होत जातं, म्हणून मध्ये सोपे आकडे पेरायचे. प्रत्येक वेळी तो शांत असतानाच आत यायचं. अस्वस्थ दिसला तर तिथे थांबायचं आणि उद्या अलीकडच्या आकड्यावरून सुरुवात.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी एक खास अडचण म्हणजे लिफ्ट. दाराबाहेर लिफ्टची वाट बघत उभे असता तेव्हा कुत्र्याला तुमचा वास येत असतो, मग लिफ्टचं दार उघडतं, आवाज होतो आणि वास विरतो. बऱ्याच कुत्र्यांचं रडणं नेमकं तिथून सुरू होतं. म्हणून पहिले आठवडे जिन्याने अर्धा मजला उतरा आणि तिथे थांबा. लिफ्टचा सराव वेगळा करा: बटण दाबा, लिफ्ट येऊ द्या, रिकामी जाऊ द्या, तुम्ही घरात या. वॉचमनना आधी सांगून ठेवा, नाहीतर सीसीटीव्हीत सातव्या मजल्यावरचा माणूस वीस वेळा आत-बाहेर करताना बघून ते वर येतील.

सेफ्टी डोअर बंद आणि आतलं दार उघडं ठेवायची आपल्याकडे सवय आहे, हवा येते म्हणून. या कुत्र्यांना जाळीतून तुम्ही जाताना दिसता आणि पॅसेजमधली प्रत्येक हालचाल दिसते. शिवाय घाबरलेला कुत्रा जाळीवर दात लावतो आणि दात तुटतात. आतलं दार बंद ठेवूनच सराव करा.

खाऊबद्दल मतं वेगळी आहेत. कॉंगसारख्या पोकळ रबरी खेळण्यात दहीभात, उकडलेलं चिकन किंवा भोपळा भरून फ्रीझरमध्ये ठेवला तर सौम्य त्रास असलेले कुत्रे त्यात गुंतून जातात. त्रास जास्त असलेला कुत्रा खाणं संपेपर्यंत शांत आणि संपताक्षणी बेभान, असं होतं. तेव्हा तुम्ही मोजत असता खाण्याची वेळ आणि समजता एकटेपणाची. मी तरी सराव खाऊशिवाय करावा याच मताची आहे. भरायचं असेलच तर कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको, आणि पीनट बटरच्या बाटलीवर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते वाचून घ्या. साखरेऐवजी घालतात तो हा पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे.

पहिली काही मिनिटं गाठायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, सेकंदा-सेकंदाने सरकावं लागतं. अर्धा-पाऊण तास शांतपणे जमायला लागला की पुढच्या उड्या मोठ्या घेता येतात. किती दिवस लागतील? महिन्यांच्या हिशेबाने विचार करा. आणि दहा तासांचं ध्येय मुळातच ठेवू नका, इतका वेळ लघवी धरून ठेवायला लावणं निरोगी कुत्र्यालाही जाच आहे. चार तास, मध्ये कुणीतरी येऊन खाली नेणार, पुन्हा तीन-चार तास, हे नोकरदार घरासाठी पुरेसं ध्येय आहे.

निघताना त्याच्याशी बोलू नका, अंथरुणात झोपू देऊ नका, असले कडक नियम खूप ऐकायला मिळतात. कुशीत झोपल्याने कुणाला सेपरेशन अँग्झायटी होत नाही. ‘येते रे’ म्हणून निघालात तर काही बिघडत नाही. फक्त दाराशी पाच मिनिटं गळाभेट नको.

औषधं

याबद्दल आपल्याकडे उगाच भीती आहे. ज्या कुत्र्याचा आकडा शून्य आहे, जो स्वतःला जखमा करून घेतो किंवा महिनाभर सराव करूनही सेकंदांतच अडकलाय, त्याच्यासाठी औषधाचा विषय डॉक्टरांकडे लवकर काढावा. सगळं थकल्यावरचा शेवटचा उपाय म्हणून त्याकडे बघू नये. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही दोन औषधं कुत्र्यांच्या सेपरेशन अँग्झायटीसाठीच अमेरिकेच्या औषध नियामकाने मंजूर केली, पहिलं १९९८ मध्ये आणि दुसरं २००७ मध्ये, आणि दोन्ही ट्रेनिंगच्या जोडीने द्यायची आहेत. गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीला भूक मंदावणं, सुस्ती असं होऊ शकतं. मनाने सुरू करायचं नाही, आणि बरं वाटतंय म्हणून मनाने एकदम बंद तर मुळीच करायचं नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी न विसरता सांगा. एक, कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली होती का. दुसरी, गोचिडांसाठी काय वापरता. ॲमिट्राझ असलेलं द्रावण आपल्याकडे गोचिडांवर सर्रास लावलं जातं आणि ते या दोन्ही औषधांसोबत चालत नाही. पावसाळ्यात गोचीड वाढले की घरचं कुणीतरी बाटली आणून अंघोळ घालून मोकळं होतं, म्हणून घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या.

नुसती गुंगी आणणारं औषध मागू नका. त्याने शरीर ढिलं पडतं, भीती जागच्या जागी राहते, आणि रडणं थांबल्यामुळे आपल्याला वाटतं, जमलं.

ज्यावर पैसे घालवू नयेत

भुंकल्यावर शॉक देणारे किंवा फवारा मारणारे पट्टे आधीच घाबरलेल्या जिवाला आणखी घाबरवतात. पिंजरा ज्या कुत्र्याला स्वतःहून आवडतो त्याच्यासाठी ठीक, पण घाबरून सुटू पाहणाऱ्या कुत्र्याला त्यात बंद केलं तर दात आणि नखं रक्ताळतात. बाल्कनीत ठेवणं हा आपल्याकडचा आवडता तोडगा, आणि सगळ्यात धोक्याचा. कबुतरांची जाळी घाबरलेल्या कुत्र्याचं वजन पेलायला बांधलेली नसते, आणि दुपारी तिथे ऊन येतं ते वेगळंच. दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. जोडीला दुसरा कुत्रा आणल्याने बहुतेक वेळा फरक पडत नाही, कारण त्याला हवं असतं माणूस. कधीकधी दोघेही रडायला लागतात. टीव्ही, रेडिओ चालू ठेवा हवं तर, पॅसेजमधले आवाज झाकले जातात. तेवढाच त्याचा उपयोग.

फिरणं आणि पावसाळा

सकाळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास हुंगत हुंगत फिरवा. पळवून दमवण्यापेक्षा हुंगण्याने कुत्रे जास्त निवतात. उपवन, मासुंदा तलावाचा काठ, आपल्या कॉम्प्लेक्समागचा रस्ता, काहीही चालेल. येऊरला नेत असाल तर पट्टा सोडू नका आणि अंधार पडायच्या आत खाली या, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्याची लस वेळेवर द्या. मुसळधार दिवशी पार्किंगमध्ये चकरा आणि घरात टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून शोधायला लावणं, यावर भागवायचं.

पिल्लू नुकतंच आणलं असेल तर

मे महिन्याच्या सुट्टीत पिल्लू घरी येतं. मुलं दिवसभर घरात, कुणीतरी रजेवर, आजी-आजोबा आलेले. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, पाहुणे जातात, रजा संपते, आणि जे पिल्लू जन्मात एकटं राहिलेलं नाही ते एका सोमवारी सात तास एकटं. सुट्टीतच पहिल्या आठवड्यापासून त्याला वेगळ्या खोलीत अर्धा मिनिट, एक मिनिट, कचरा टाकून येईपर्यंत असं राहू द्या. हे दोन महिन्यांच्या पिल्लाला शिकवणं तीन वर्षांच्या कुत्र्याला शिकवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

घसरण आणि किल्ली

सगळं सुरळीत चाललेलं असताना कुत्रा मागे जातो. दहीहंडीचे डीजे, गणपतीचे ढोल, नवरात्र आणि दिवाळीचे फटाके, हे ऑगस्ट ते नोव्हेंबर आपल्याकडे ओळीने येतं. त्या दिवसांत आकडे वाढवू नका, आवाजाच्या संध्याकाळी घरात कुणीतरी असेल असं बघा, आणि नंतर निम्म्या आकड्यावरून पुन्हा सुरू करा. दुसऱ्या खेपेला कुत्रा सहसा लवकर वर येतो. घर बदललं, घरातलं कुणी शिकायला बाहेर गेलं, कुत्र्याची शस्त्रक्रिया झाली, तरीही हेच करायचं.

आणि किल्ली. एक जोडी काकूंकडे, एक त्याच विंगमधल्या आणखी कुणाकडे, कारण काकू पुण्याला लेकीकडे जातात तो दिवस नेमका पावसाचा असतो. कुर्ला-शीव पट्ट्यात रुळांवर पाणी चढलं की मध्य रेल्वे थांबते आणि तुम्ही दादरला अडकता. फ्रिजवर एक कागद लावा: कुत्र्याचं नाव, व्हेटचा फोन, रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा फोन, जेवण किती आणि कुठल्या डब्यात, औषध असेल तर वेळ, पट्टा कुठे टांगलाय. ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांनी तुम्ही घरात नसताना निदान एकदा तरी दार उघडून आत येऊन बघितलेलं असावं. कुत्रा त्यांना कसा भेटतो हे आधी कळलेलं बरं, आणि आपल्या लॅचला किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागते हेही.